मार्टिनडेलवर चादरीचं कापड घासताना: सॅम्पल कापण्यापासून रिपोर्टपर्यंत

मार्टिनडेल म्हणजे कापड घासून ते किती टिकतं ते मोजायचं मशीन, आणि त्यावरच्या घासायच्या एका फेऱ्याला रब म्हणतात. एकाच ताग्यातलं कापड दोन लॅबला पाठवलं, एकीकडून १२,००० रब आले आणि दुसरीकडून २५,०००, आता बायरला कुठला कागद दाखवायचा, हा प्रश्न सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसून कुणी विचारला नाही असा महिना जात नाही. मग सगळा राग मशीनवर निघतो. मशीन बिघडलेलं असतंही कधी कधी, पण बहुतेक वेळा गडबड स्विच दाबायच्या आधीच झालेली असते, सॅम्पल कुठून कापलं, कापड किती वेळ मोकळं ठेवलं, मागे फोम घातला की नाही, वजन कुठलं लावलं. म्हणून या लेखात तयारीवर जास्त लिहिलंय आणि मशीन चालवण्यावर कमी, कारण चालवायला तसं बटण एकच आहे.

हे सगळं आयएसओ १२९४७ च्या पद्धतीला धरून आहे. त्याच्या भाग १ मध्ये मशीन कसं हवं ते येतं, भाग २ मध्ये धागे तुटेपर्यंत घासणं, भाग ३ मध्ये वजन किती घटलं आणि भाग ४ मध्ये दिसण्यात किती फरक पडला. आपल्याकडे 'मार्टिनडेल करून द्या' म्हणतात तेव्हा नव्वद टक्के लोकांना भाग २ हवा असतो, पण फॉर्मवर तसं कुणी लिहीत नाही, आणि भांडणाची पहिली ठिणगी तिथेच पडते.

टप्पा १: आधी विचारून घ्या, लेखी

कापडाला हात लावायच्या आधी बायरकडून किंवा मालकाकडून चार गोष्टी लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल, पण तोंडी नको.

पहिली, भाग कुठला, म्हणजे धागा तुटेपर्यंत घासायचं की ठरलेल्या रबवर थांबून फक्त दिसणं बघायचं. दुसरी, प्रेशर. मार्टिनडेलला नेहमी दोन प्रेशर वापरतात, १२ किलोपास्कल आणि ९ किलोपास्कल. सोफ्याचं कापड, कामाचे कपडे, बेडशीटसारखं अंथरायचं कापड आणि टेक्निकल कापड १२ वर जातं, अंगावरचे कपडे आणि घरातलं बाकीचं कापड ९ वर. आता सोलापुरी चादर अंथरतातही आणि पांघरतातही, मग ती कशात धरायची? माझं मत सरळ आहे, गादीवर अंथरायची म्हणून विकताय तर १२ धरा, पण शेवटचा शब्द बायरचा आणि तो कागदावर हवा.

तिसरी, धुतलेलं कापड की कोरं. कोऱ्या चादरीत खळ असते, वर फिनिशिंगला सॉफ्टनर मारलेला असतो, त्यानं कापड घसरतं आणि आकडा भलताच येतो, आणि दोन धुण्यांनंतर तीच चादर वेगळी वागते. दोन्हीपैकी कुठलंही चालतं पण रिपोर्टवर ते आलंच पाहिजे. चौथी, घासायची बाजू. जॅकार्ड (विणीतच नक्षी काढलेली) चादर उलट-सुलट दोन्हीकडून वापरतात, म्हणून कुठली बाजू सुलट धरायची ते ठरवा किंवा दोन्ही बाजूंचे वेगळे सेट लावा.

सांभाळा: टॉवेल घेऊन येणारे पण असतात. टेरीचे लूप २ मिलिमीटरपेक्षा उंच असतील तर या टेस्टला अडचण येते, लूप कलंडतात, ओढले जातात आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही. टॉवेलवाल्याला आधीच सांगा, नंतर सांगितलं की लॅबवाला टाळतोय असं वाटतं.

टप्पा २: कापड मोकळं ठेवणं

लोकांना हा टप्पा म्हणजे वेळ घालवणं वाटतं. नियम असा की कापड २० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेत (दोन डिग्री आणि चार टक्के इकडे-तिकडे) किमान १८ तास ताण न देता, घडी न घालता पसरून ठेवायचं, आणि टेस्टही त्याच हवेत करायची. आता एप्रिल-मे मधलं सोलापूर डोळ्यासमोर आणा, बाहेर चाळीसच्या वर पारा आणि हवा खडखडीत कोरडी. सूत हवेतलं पाणी धरून ठेवतं, कोरडं पडलं की त्याची ताकद कमी होते आणि ते ठिसूळ वागतं. म्हणजे उन्हाळ्यात गोडाऊनमधनं आणून तसंच मशीनवर चढवलेलं कापड आणि तेच कापड पावसाळ्यात, यांचा आकडा जुळणार नाही, आणि दोष कापडाचा नसेल.

इथे दोन चुका कायम दिसतात. एक, नुसता एसी लावून खोली थंड केली की झालं असं वाटतं, पण एसी हवेतलं पाणी ओढून घेतो, तापमान बरोबर आलं तरी आर्द्रता खाली जाते, ह्युमिडिफायर लागतोच. दोन, एसीच्या जागी कूलर लावणं. कूलर पाणी सोडतो खरा पण किती सोडतो त्यावर कंट्रोल नाही, दुपारी एक आकडा आणि रात्री दुसरा. धुतलेलं किंवा ओलसर आलेलं कापड आधी नीट सुकवा आणि मग मोकळं पसरा, ओल्याकडून कोरड्याकडे येणाऱ्या कापडात पाणी थोडं जास्तच राहतं.

चेक: तापमान-आर्द्रतेचा मीटर कापडाच्या जवळ, टेबलाच्या उंचीवर आहे ना? दाराजवळ किंवा एसीच्या तोंडासमोर टांगलेला मीटर कापडाची हवा सांगत नाही. आणि रीडिंग सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा आणि मध्ये थांबाल तेव्हा लिहा.

टप्पा ३: कापायची जागा ठरवणं आणि कापणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किनारीपासून किमान १०० मिलिमीटर आत या, किनारीजवळची विण घट्ट असते आणि ती जागा बाकीच्या चादरीसारखी वागत नाही. किमान तीन सॅम्पल हवेत, प्रत्येकाचा व्यास ३८ मिलिमीटर.

आता तीन गोल कुठे घ्यायचे? एकाखाली एक सरळ रेषेत काढले तर तिन्हीत तोच ताणा येतो, आडव्या ओळीत काढले तर तोच बाणा. म्हणून तिरके, पायऱ्या पायऱ्यांनी घ्या, म्हणजे तिन्हीत उभे धागे वेगळे आणि आडवे धागे पण वेगळे येतील. साध्या विणीच्या कापडात एवढं पुरतं.

जॅकार्डमध्ये अजून एक भानगड आहे. चादर खिडकीजवळ नेऊन तिरकी धरा, नक्षीच्या काही जागी धागा विणीतनं वर येऊन लांब तरंगत गेलेला दिसेल, काही जागी घट्ट बांधलेला. लांब तरंगणारा धागा आधी घासला जातो आणि आधी तुटतो. तुम्ही तिन्ही गोल नक्षी नसलेल्या नुसत्या जमिनीतनं घेतले तर आकडा चांगला येईल, पण गिऱ्हाईकाकडे चादर नक्षीच्या पाकळीवर विरेल. म्हणून नक्षीचे जितके वेगळे भाग आहेत तितक्या सगळ्या भागांतनं सॅम्पल घ्या, त्यात सगळ्यात नाजूक वाटणारा भाग नक्की, आणि सॅम्पलांची संख्या त्यामुळे तीनवरनं सहा झाली तरी होऊ दे. कुठला गोल कुठून काढला ते चादरीच्या फोटोवर खुणा करून ठेवा, पुढे याच फोटोवर वाद मिटतात.

मशीनच्या होल्डरमधनं (सॅम्पल पकडून ठेवणारा भाग) खाली डोकावणारा, खरा घासला जाणारा भाग ३८ चा नसतो, तो साधारण २९ मिलिमीटरचा असतो, बाकीचा कडेला रिंगमध्ये अडकतो. म्हणजे नाजूक नक्षी गोलाच्या काठाला ठेवून उपयोग नाही, मध्यावर आली पाहिजे. हे कटर दाबायच्या आधी बघा.

सांभाळा: कात्रीने गोल कापू नका. कात्रीचा गोल कधीच गोल नसतो, होल्डरमध्ये एका बाजूला सुटतो आणि एका बाजूला दुमडतो. दाबायचा कटर वापरा, खाली कटिंग मॅट ठेवा, आणि धार गेली असेल तर कडेचे धागे ओढलेले दिसतात, तो गोल टाकून द्या.

टप्पा ४: जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) काढा, फोमचं उत्तर त्यात आहे

५०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या खाली असलेल्या कापडाच्या मागे होल्डरमध्ये फोमची चकती घालायची, ५०० आणि त्यावर असेल तर नाही. फोम कापडाला मागून उचलून धरतो, तो विसरलात किंवा उगाच घातलात तर आकडा बदलतो.

सोलापुरी चादर नेमकी या रेषेच्या आसपास फिरते म्हणून हे लिहितोय. समजा ६० बाय ९० इंची चादर आहे, क्षेत्रफळ झालं साधारण ३.४८ चौरस मीटर. वजन १.७ किलो भरलं तर ४८८ जीएसएम, म्हणजे फोम हवा. त्याच मापाची चादर १.८ किलो भरली तर ५१७, फोम नको. शंभर ग्रॅममध्ये नियम बदलला! आणि पूर्ण चादर तोलली की दशा आणि किनार पण त्यात येते, म्हणून नुसत्या भागाकारावर विसंबू नका. १०० चौरस सेंटिमीटरच्या जीएसएम कटरने मोकळं ठेवलेल्या कापडातनं गोल काढा, ग्रॅममध्ये तोला, शंभरने गुणा. दोन-तीन जागी करा आणि सरासरी घ्या.

टप्पा ५: मशीन सरळ चालतंय का

मार्टिनडेलचा होल्डर गोल गोल फिरत नाही, पुढे मागे पण नाही. तो आधी सरळ रेषेत जातो, मग ती रेषा फुगत फुगत लंबगोल होते, गोल होते, आणि परत आकसून आडव्या रेषेवर येते. या नक्षीला लिसाजू म्हणतात, बाहेरच्या चाकांचे १६ फेरे झाले की एक नक्षी पूर्ण होते, आणि बाहेरच्या चाकाचा एक फेरा म्हणजे एक रब. काउंटरवर २०,००० दिसतंय म्हणजे २०,००० नक्ष्या नव्हेत, हे नवीन पोरांना सांगावं लागतं.

तपासायचं असं: टेबलावर साधा कागद लावा, होल्डरच्या जागी पेन बसवा आणि १६ फेरे चालवा. रेषा गुळगुळीत हव्यात, दोन्हीकडे सारख्या हव्यात, आणि आकृतीची रुंदी घासायच्या टेस्टला ६०.५ मिलिमीटर आली पाहिजे. रेषा एकमेकीला चिकटल्या, एका बाजूला कोपरा पडला की बुश झिजलाय किंवा पिन सैल आहे.

२४ मिलिमीटरची आकृती आली तर घाबरू नका, कुणीतरी आधी पिलिंगची (कापडावर गोळ्या किती येतात त्याची) टेस्ट करून मशीन त्याच सेटिंगवर सोडलंय. एकाच मशीनवर दोन्ही होतात, फक्त पिन बदलतात. पण त्या सेटिंगवर घासायची टेस्ट लावली तर अख्खा दिवस फुकट जातो, आणि वाईट म्हणजे आकडा बरा येतो म्हणून कुणाला संशय पण येत नाही.

मशीन लेव्हलमध्ये ठेवा, आणि मागाच्या शेडच्या भिंतीला लागून नको. तिथली कंपनं आणि उडणारा रुवा, दोन्ही टेस्टच्या मुळावर येतात.

टप्पा ६: खालचं टेबल बांधणं

क्रम हाच ठेवा.

१. टेबल पुसून कोरडं करा. त्यावर फेल्टची चकती ठेवा. फेल्टला खड्डा पडला असेल किंवा डाग असेल तर उलटी करा, दुसरी बाजू पण गेली असेल तर नवीन घ्या.

२. त्यावर घासायचं लोकरी कापड. हे स्टँडर्ड कापड असतं, बाजारातली कुठलीही लोकर नव्हे. प्रत्येक टेस्टला नवीन लावा, आणि टेस्ट लांबली तर ५०,००० रबला बदला.

३. वर दाबायचं अडीच किलोचं वजन ठेवा, वजन असतानाच रिंग बसवा आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर लोकर एका बाजूला ओढली जाते.

४. वजन काढा, हात फिरवा. सुरकुती किंवा फुगा लागला तर परत पहिल्यापासून.

लोकर वाचवायच्या नादात जुनी वापरणं ही लई जुनी सवय आहे. घासून घासून लोकर गुळगुळीत होते, त्यात आधीच्या कापडाचा सॉफ्टनर बसतो, आणि पुढचं कापड उगाच मजबूत ठरतं. लोकर महाग आहे हे मान्य, पण मग टेस्ट कमी घ्या.

टप्पा ७: होल्डर भरणं

होल्डरची रिंग जिगवर ठेवा, सॅम्पल सुलट बाजू खाली करून मधोमध टाका, त्यावर फोम (टप्पा ४ मध्ये हो असेल तर), त्यावर धातूची चकती, आणि वरून होल्डर फिरवून घट्ट करा. फिरवताना कापड सोबत फिरतं की काय बघा, फिरलं तर धागे तिरके होतात. उलटं करून डोळ्यासमोर धरा: तोंड सपाट, सुरकुती नाही, धागे ताणून पातळ झालेले नाहीत, कडेनं फोम डोकावत नाही.

जाड चादर होल्डरमध्ये बसता बसत नाही, मग लोक पान्याने आवळतात. हाताने जेवढं येतं तेवढंच करा, तरी सैल राहत असेल तर गोल नीट मधे आहे का ते बघा, बऱ्याचदा कडेला दुमडलेला तुकडा अडकलेला असतो.

मग वजन. होल्डर, दांडी आणि वरचं वजन मिळून १२ किलोपास्कलला ७९५ ग्रॅम आणि ९ किलोपास्कलला ५९५ ग्रॅम, सात ग्रॅम इकडे-तिकडे. वजनांवरचे आकडे पुसले गेलेले असतात म्हणून अंदाजाने उचलू नका. वर्षातनं कधीतरी सगळे तुकडे एकत्र तोलून बघा, पडून कोपरा उडालेलं वजन बघण्यात येतं.

चेक: सगळ्या स्टेशनवर (मशीनवरची एकेका होल्डरची जागा) तेच वजन, सगळ्यांत फोम एकसारखा, काउंटर शून्यावर, थांबायचा आकडा सेट केलेला. चार गोष्टी बोट लावून मोठ्याने म्हणा, मग स्टार्ट.

टप्पा ८: चालवणं आणि मध्ये थांबणं

वेग मिनिटाला साधारण ४७.५ फेरे. म्हणजे २०,००० रबला सात तास लागतात, ५०,००० ला साडेसतरा. संध्याकाळी पाचला लावून सकाळी बघू, हे बरेच जण करतात आणि इथेच आकडा हातचा जातो, कारण धागा कधी तुटला तेच कळत नाही.

थांबायचा क्रम साधारण असा: ५,००० पर्यंत दर १,००० ला, पुढे २०,००० पर्यंत दर २,००० ला, ४०,००० पर्यंत दर ५,००० ला, त्यापुढे दर १०,००० ला. कापड कमजोर वाटत असेल तर पहिल्या २,००० मध्ये दर २०० ला बघा. वेळेचं गणित करून सुरू करा, १६,००० ते २०,००० हा टप्पा माणूस हजर असताना येईल असा.

थांबलं की होल्डर न उघडता दांडीवरून काढा, खालच्या लोकरीला हात न लावता. बघून झालं की ज्या स्टेशनचा होल्डर त्याच स्टेशनवर परत. होल्डरवर पेनाने नंबर टाकले की अदलाबदल होत नाही. कापडावर गोळ्या आल्या असतील तर दोनच रस्ते, तशाच ठेवून पुढे जायचं किंवा कात्रीने अलगद कापून पुढे जायचं, काय केलं ते लिहायचं. एका सॅम्पलच्या कापल्या आणि दुसऱ्याच्या ठेवल्या, असं नको.

लाईट गेली तर? काही काउंटर आकडा लक्षात ठेवतात, जुने सरळ शून्यावर येतात. तुमचा कुठला ते आधीच मेन स्विच बंद करून बघून घ्या. इन्व्हर्टर नसेल तर प्रत्येक थांब्याला वहीत आकडा आणि घड्याळ दोन्ही लिहा, वेळेवरून हिशोब लागतो पण तो अंदाज असतो, तसा अंदाज रिपोर्टमध्ये घालू नका, ते सॅम्पल रद्द करा.

टप्पा ९: तुटलं हे कधी म्हणायचं

विणलेल्या कापडात दोन वेगवेगळे धागे पूर्ण तुटले की शेवट. होजियरीत एक धागा तुटून भोक पडलं की, पाइलच्या (वर उभे तंतू असलेल्या) कापडात पाइल पूर्ण घासून गेली की.

'पूर्ण तुटला' हे शब्द पकडून ठेवा. रंग उडाला, कापड केसाळ झालं, धागा पातळ झाला, यातलं काहीही तुटणं नव्हे. उजेड तिरका पाडा, आठ-दहा पट भिंग घ्या, आणि संशय असेल तिथे बारीक सुईने रुवा बाजूला सारून धाग्याची दोन्ही टोकं शोधा. दोन टोकं सुटी दिसली तर तुटला. नखाने रुवा ओढू नका, अर्धा झिजलेला धागा नखानेच तुटतो आणि मग तो मशीनचा की तुमचा, कोण सांगणार?

डबल सुताच्या चादरीत पिळातली एक लड तुटते आणि दुसरी शाबूत असते. एक लड म्हणजे धागा नव्हे. तसंच एकच तरंगता धागा दोन ठिकाणी तुटला तर तो एकच धागा, दोन नाही, त्याचा माग काढत विणीत कुठे शिरतो ते बघा. दोन जणांनी वेगवेगळं बघून आकडा सांगावा, आणि मतभेद असेल तर पुढच्या थांब्यापर्यंत चालवा. खरंच तुटलेला असेल तर तोवर कुणाला भिंग लागणार नाही, आणि नोंद मात्र मागच्याच थांब्याची होईल.

टप्पा १०: आकडा लिहिणं

१८,००० ला शाबूत आणि २०,००० ला तुटलेलं दिसलं तर निकाल १८,०००. मधला १९,००० नाही, २०,००० तर नाहीच. ठरलेल्या आकड्यापर्यंत काहीच तुटलं नाही आणि तुम्ही थांबवलं, तर 'अमुक रबपर्यंत तुटलं नाही' एवढंच.

तीन सॅम्पल १६,०००, १८,००० आणि २०,००० असे आले तर तिन्ही आकडे छापा आणि सगळ्यात कमी आकडा वेगळा दाखवा. सरासरी हवी असं बायरने लिहून दिलं असेल तर तीही द्या, पण तिन्ही आकडे लपवून नव्हे. आणि ९ किलोपास्कलवरच्या आकड्याला कशाने तरी गुणून १२ चा करायचा धंदा करू नका, तसं कुठलंही गणित नाही. टेबर या दुसऱ्या प्रकारच्या घासायच्या मशीनच्या सायकलचा मार्टिनडेलच्या रबशी पण हिशोब लागत नाही.

रिपोर्टवर पद्धतीचा भाग आणि आवृत्तीचं साल, प्रेशर, फोम होता की नाही, धुतलेलं की कोरं, घासलेली बाजू, हवेचे आकडे, गोळ्यांचं काय केलं, आणि सॅम्पल नक्षीच्या कुठल्या भागातलं, हे सगळं येऊ द्या. घासलेले गोल जाड कार्डावर चिकटवा, शेजारी त्याच ताग्याचा न घासलेला तुकडा लावा, आणि निदान माल पोहोचून पेमेंट येईपर्यंत ते कार्ड फेकू नका. दुसऱ्या लॅबचा वेगळा आकडा हातात घेऊन कुणी आलं तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून आधी प्रेशर, मग फोम, मग धुतलेलं-कोरं, याच क्रमाने जुळवा. हे तिन्ही जुळूनही फरक राहिला तर मग दोन्हीकडची कार्डं मागवून नक्षीची जागा बघा.